केनिया-टांझानियाची सफारी: आधी महिना, मग जंगल

आफ्रिकेला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका फेरीत किती पार्क होतील?" आठवड्यात पाच-सहा पार्क दाखवणाऱ्या सहली पैशाला पासरी आहेत. पण नकाशात शेजारी दिसणाऱ्या अंबोसेली आणि मसाई मारामध्ये गाडीचा जवळजवळ अख्खा दिवस जातो. माझं ऐकाल तर दोन, फार तर तीन जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन-तीन रात्री काढा. ताडोबात एका फेरीवर भागत नाही हे आपल्याला कळतं, मग तिकडेच एवढी घाई का?

आणि जागेच्या आधी महिना ठरवा. विल्डबीस्ट या मोठ्या, गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप, दहा लाखांच्या वर जनावरं, पावसामागून उगवणाऱ्या गवताच्या शोधात टांझानियातल्या सेरेंगेटीत आणि त्याला लागून असलेल्या केनियातल्या मसाई मारात वर्षभर गोल फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर ती उत्तर सेरेंगेटीत आणि मारात सापडतात. जानेवारीअखेर ते मार्च ती दक्षिणेला, न्डुटूच्या गवताळ पट्ट्यात असतात. फेब्रुवारीत तिथे पिल्लांचा सुकाळ, त्यामुळे सिंह-चित्त्यांचाही. आपली पंचाईत शाळांच्या सुट्ट्यांची. मे महिन्याची सुट्टी तिकडच्या मोठ्या पावसाला गाठते. लॉज स्वस्त मिळतात हे खरं, पण रस्त्यांचा चिखल होतो आणि वाढलेल्या गवतात सिंह समोर बसलेला असला तरी दिसत नाही. दिवाळी लवकर असेल तर स्थलांतराचं शेवटचं टोक मिळू शकतं. मुलांच्या शाळेचा प्रश्न नसेल त्यांनी सरळ सप्टेंबर धरावा.

आता मसाई मारा. एकच जागा करायची असेल तर हीच. लोक येतात ते मारा नदी ओलांडणारे कळप बघायला. काठावर आलेला पहिला विल्डबीस्ट पाण्याकडे बघतो, नाक फुरफुरवतो, एक पाय खाली टाकतो आणि गर्रकन मागे वळतो. त्याच्यामागचे शेकडो वळतात, धुळीचा लोट उठतो, आणि पुन्हा सगळे तिथेच येऊन थांबतात. असं तासन् तास चालतं. मग एखादा उडी टाकतो आणि त्याच्यामागून सगळा कळप एकमेकांवर आदळत पाण्यात कोसळतो. मगरी तयारच असतात. कधी कधी मात्र संध्याकाळपर्यंत कोणी उतरतच नाही आणि अंधाराच्या आत परतावं लागतं. म्हणून तर तीन रात्री म्हणते. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, गाडी काठापासून लांब उभी करायची. काठावर गाड्यांची गर्दी झाली की कळप बिचकतो, आणि मग सगळ्यांचाच दिवस वाया.

नदीच्या पश्चिमेचा भाग म्हणजे मारा ट्रँगल. त्याचा कारभार वेगळा आहे. राखीव क्षेत्राला लागून स्थानिक मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनींवर नाबोईशो, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी संरक्षित जंगलं आहेत. तिथे गाड्या कमी. राखीव क्षेत्रात न मिळणारी रात्रीची फेरी आणि गाइडबरोबर पायी फिरणं तिथे मिळतं. खर्च जास्त आहे, पण एखादी रात्र तरी कराच. बजेट जुळवताना प्रवेश शुल्क विसरू नका. २०२४ पासून परदेशी पाहुण्याला मारात जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर पडतात, तेही १२ तासांपुरते. दुपारी उशिरा पोचणार असाल तर त्या दिवशी आत शिरायचं की नाही, हे एजंटकडून लेखी घ्या.

अंबोसेली हत्तींसाठी. समोरचा किलिमांजारो, ५,८९५ मीटरचा, टांझानियात आहे. त्याचं चित्र मात्र केनियातून चांगलं दिसतं, आणि तेही भल्या सकाळी. जरा ऊन चढलं की ढग येतात. डोंगरावर मुरलेलं पाणी जमिनीखालून येऊन इथल्या दलदलीत वर येतं, म्हणून कोरड्या धुळीच्या मैदानात हत्तींना बारमाही पाणी आहे. सकाळी रांगेने दलदलीकडे, संध्याकाळी परत. त्या वाटेवर गाडी थांबवून नुसतं बसा. इथल्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून सुरू आहे.

टांझानियात गोरोंगोरो. खचलेल्या ज्वालामुखीची साधारण ६०० मीटर खोल परडी, तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. काळा गेंडा दिसण्याची आशा इथे धरावी. जिराफ मात्र तळात नाहीत. पहाटे कड्यावर कडाक्याची थंडी असते, जाड जॅकेट हवंच. जेवणाच्या थांब्यावर डबा गाडीतच उघडा. घारी हातातली पोळी उचलून नेतात, आणि पंजाचा ओरखडा मिळतो तो वेगळाच.

परत केनियात, नाकुरूचं तळं फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध होतं. पाणी वाढल्यावर बरेच फ्लेमिंगो तिथून हलले, त्यामुळे जुन्या गुलाबी फोटोंवर भुलू नका. गेंड्यांसाठी जा. नैरोबीत मोकळा अर्धा दिवस असेल तर शहराला चिकटून असलेलं नॅशनल पार्क बघा. १९४६ चं, केनियातलं पहिलं. गेंड्यामागे उंच इमारती दिसतात.

गाडी वर उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर मागा आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल हे ठरवून घ्या. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलोपर्यंत, तेही मऊ बॅगेत. कपडे खाकी, मातकट. निळा आणि काळा नको, चावणाऱ्या त्से त्से माश्या त्यावर येतात. टांझानियातल्या टारांगीरे पार्कमध्ये तर फार. आमचे हे कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड नेत नाहीत. रिकामी जाड कापडी पिशवी नेतात, नैरोबीत तांदूळ घेऊन भरतात आणि छताच्या कडेवर लेन्सखाली ठेवतात. शाकाहाराची चिंता नको. बहुतेक लॉजवर डाळ, चपाती मिळते, फक्त आधी कळवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, दोन्ही देशांत बंदी आहे.

यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावरच घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते आयुष्यभर चालतं. ते हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना त्याच फेरीत विचारून घ्या.