सरकारी ऑफिससाठी लाकूड घेताय? टेंडर काढायच्या आधी एवढं तयार ठेवा

मार्च जवळ आला की फर्निचरची फाईल पळायला लागते. ग्रँट परत जाईल या भीतीने दोन दिवसांत स्पेसिफिकेशन टाईप होतं, त्यात लांबी रुंदी जाडी सगळं असतं पण लाकूड कुठून आलेलं हवं याची एक ओळसुद्धा नसते. मी बरीच वर्षं भांडार शाखेत काढलीत आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे, लाकूड कायदेशीर आहे का हे माल आल्यावर बघायची गोष्टच नाही. एकदा फळी रंधून पॉलिश झाली की ती बल्लारपूरला वन खात्याच्या डेपोत लिलावात घेतलेल्या ओंडक्याची आहे की कुठल्या जंगलातून रात्रीत काढलेली, हे तिच्याकडे बघून कोणालाच सांगता येत नाही. जे काही मागायचं ते टेंडरमध्येच मागावं लागतं, नाहीतर नंतर पुरवठादार सरळ म्हणतो की साहेब तुमच्या अटीत हे नव्हतं, आणि त्याचं बरोबर असतं.

पहिलं काम म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे ऑफिसच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, काढा आणि गोडाऊनची चावी घेऊन स्वतः जाऊन बघा. आमच्याकडे एकदा जुनी बाकं निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या सामानाच्या, यादीत टाकली होती, धूळ, वाळवीची शंका, दोन पाय निखळलेले, सगळ्यांनी भंगार ठरवून टाकलेलं. मी सुताराला बोलावलं, त्याने काही न बोलता एका फळीवर तीनचार वेळा रंधा फिरवला आणि खालून सोनेरी पिवळं सागवान बाहेर आलं, वाससुद्धा ताजा. फक्त सांधे सैल झाले होते, खुंट्या नव्या मारल्या आणि निम्म्याहून जास्त बाकं परत वर्गात गेली. हे लाकूड आधीच आपल्या नावावर आहे, त्यासाठी नवीन झाड पडत नाही आणि कुठलाही परवाना शोधावा लागत नाही, त्यामुळे मागणीचा आकडा या फेरीनंतरच लिहा.

मग जुनं स्पेसिफिकेशन वाचा, नुसतं कॉपी पेस्ट करू नका. कितीतरी ठिकाणी अजून ‘बर्मा टीक’ असं लिहिलेलं असतं, कोणीतरी तीस वर्षांपूर्वी लिहिलं आणि तेच चालत आलं. बर्मा म्हणजे आजच्या म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केलीय, २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपियन युनियन दोघांनी निर्बंध लावले, आणि आपण इथे सरकारी कागदावर तेच लाकूड मागतोय. ते दोन शब्द आजच काढा आणि त्या जागी कामाला काय पुरेल ते लिहा. चंद्रपूर गडचिरोलीचं सागवान नव्या संसद भवनात आणि अयोध्येच्या मंदिरात चाललंय, मग आपल्या कपाटाला परदेशी नाव कशाला हवं?

काही साहेब म्हणतात लाकूडच नको, स्टील घ्या म्हणजे कटकट मिटली. केंद्राच्या बांधकाम खात्याने म्हणजे सीपीडब्ल्यूडीनेही १९९३ मध्ये बांधकामात लाकडावर बंदी घातली होती, पण ती २०२० मध्ये उठवली, कारण शेतात झाडं लावणाऱ्याला गिऱ्हाईकच उरलं नाही तर तो झाडं लावेल कशाला. तेव्हा लाकूड टाळू नका, त्याचे कागद मागा. आणि स्टूल, रॅक, पार्टिशन असं काही असेल तर बांबूचाही विचार करा, गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास मिळाले तेव्हापासून गावाच्या हक्काचा बांबूही विकत मिळू शकतो.

आता अट कशी लिहायची, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. नुसतं ‘एफएससी सर्टिफाईड हवं’ लिहून मोकळं होऊ नका, एफएससी म्हणजे लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे असं सांगणारं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, एटीसी म्हणजे जादा अटी टाकताना भारतीय मानक असताना परदेशी सर्टिफिकेट सक्तीचं केलं, आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी नसली, तर ती अटच बाद धरतात. शिवाय छोटा कारखानदार बाहेर फेकला जातो तो वेगळाच. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना आणलीय, ती आधी लिहा, मग एफएससी, तशीच दुसरी आंतरराष्ट्रीय योजना पीईएफसी किंवा समतुल्य असं लिहा, आणि यातलं काहीच नसेल तर कायदेशीरपणाचे मूळ कागद द्यावेत असा तिसरा रस्ता ठेवा. मंजुरीची टिपणी आधीच घेऊन फाईलला लावा.

मूळ कागद म्हणजे कुठले तेही अटीतच मोजून सांगा. डेपोतून घेतलं असेल तर लिलावाचं बिल आणि वाहतूक परवाना म्हणजे आपण ज्याला टीपी म्हणतो तो, मालकीच्या शेतातलं असेल तर तोडीची परवानगी, कारण महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, आंबा, फणस ही सगळी आहेत आणि स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी परवानगी लागते. निलगिरी सुबाभळीसारख्या झाडांना बहुतेक ठिकाणी सूट असते. आरागिरणीचं लायसन्सही मागा, १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणापासून, म्हणजे जंगलतोडीवरच्या खटल्यापासून, विनापरवाना गिरण्यांवर सुप्रीम कोर्टाची नजर आहे. टीपी हातात आली की तारीख, गाडी नंबर, लाकडाची जात आणि घनमीटर हे चार रकाने बिलाशी जुळवा, आता ऑनलाईन परवान्यावर क्यूआर कोड येतो तो तिथेच स्कॅन करा.

सर्टिफिकेट आलं तर लॅमिनेट केलेल्या कागदावर खूश होऊ नका. मला एकाने एफएससीचं सर्टिफिकेट दिलं, कोड टाकून वेबसाईटवर बघितलं तर व्हॅलिड, मी जवळजवळ टिक करणारच होतो, पण खाली प्रॉडक्टची यादी उघडली तर त्यात फक्त कागद आणि छपाई, फर्निचर कुठेच नाही. म्हणजे कंपनी खरी, सर्टिफिकेट खरं, पण आमच्या टेबलाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून स्टेटस बघा, प्रॉडक्टची यादी बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या मालाच्या बिलावर तो कोड आणि माल सर्टिफाईड असल्याचा दावा छापलेला आहे का ते बघा. बिलावर नसेल तर तो माल सर्टिफाईड धरायचा नाही, भिंतीवर काहीही लटकलेलं असो.

प्लायवूडचं त्या मानाने सोपं आहे, भारतीय मानकाचा म्हणजे आयएसचा नंबर लिहा, साधा आयएस ३०३, पाण्याच्या जागी आयएस ७१०, फ्लश डोअर आयएस २२०२, आणि आयएसआय शिक्क्याखालचा लायसन्स नंबर मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाका. फक्त आयएसआय म्हणजे दर्जा, ते लाकूड कायदेशीर असल्याचा पुरावा नाही, हे दोन्ही वेगळं मागावं लागतं.

माल यायच्या दिवशी मॉइश्चर मीटर, टेप, टीपीची प्रत आणि एक माहितगार सुतार हजर ठेवा. ओंडके घेत असाल तर टोकावर वन खात्याच्या हातोड्याची खूण आणि नंबर शोधा, चिरल्यावर ती खूण जाते म्हणून चिरलेल्या मालासाठी गिरणीच्या स्टॉक रजिस्टरची त्या तारखेची प्रत घ्या. गाडी उभी असतानाच नंबर प्लेटसकट फोटो काढा. काही जुळलं नाही तर उतरवून घेऊ नका, एकदा गोडाऊनला टेकलं की सगळे म्हणतात आता राहू द्या. आणि बिल पास करायच्या टिपणीत ‘कागद तपासले’ एवढंच न लिहिता टीपी नंबर, सर्टिफिकेट कोड आणि कुठल्या दिवशी तपासलं ते लिहा, त्याखाली तपासणाऱ्याची सही घ्या, आणि त्या सहीनंतरच पेमेंटला पाठवा.