पाणी येतंय, तरी डोळे कोरडे?

हडपसर ते हिंजवडी रोज स्कूटर. थंडी पडली की संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे आणि वर घळाघळा पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कोरडेपणामुळेच. कोरडा डोळा चुरचुरतो, म्हणून पाणी सुटतं." केशरी रंगाचा थेंब घातला, निळा दिवा रोखला आणि म्हणाल्या, "आता पापणी लवू देऊ नका." अश्रूंचा थर साधारण 10 सेकंद टिकायला हवा; माझा त्याआधीच फाटत होता. पापणीच्या कडेला बारीक ग्रंथी असतात, त्यांचं तेल अश्रूंवर सायीसारखं पसरतं आणि ते लवकर वाळू देत नाही. धूर आणि बारीक धुळीने हा थर बिघडतो, डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह होतो. हिवाळ्यात प्रदूषित हवा जमिनीलगत कोंडून राहते, म्हणून तेव्हा त्रास जास्त.

मुख्य फरक पडला तो शेकाने. रात्री कोमट ओला रुमाल मिटल्या डोळ्यांवर 10 मिनिटं, गार झाला की परत बुडवायचा, मग पापण्या हलक्या हाताने कडेकडे दाबायच्या. कंटाळवाणं आहे, पण तेल मोकळं होतं. हेल्मेटची काच कायम खाली. डोळे ओले ठेवणारे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले. महाग पडतात, पण दिवसातून बऱ्याचदा घालायचे तर तेच बरे. घरी आल्यावर नळाच्या पाण्याचे सपकारे बंद. एसीचा झोत तोंडावर नको.

लाली घालवणारे थेंब केमिस्टकडून परस्पर आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. दुखू लागलं, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसलं तर सरळ डॉक्टर गाठा.