हॉपर यांचे ‘नाइटहॉक्स’ पणजीत बसून कसे पाहावे

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांनी १९४२ साली रंगवलेले ‘नाइटहॉक्स’ हे रात्रीच्या एका खाणावळीचे तैलचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते पडद्यावरच पाहावे लागते, आणि मोबाइलवर तर ते तळहाताएवढेच दिसते. म्हणून आधी जुनी वर्तमानपत्रे जोडून ८४.१ सेंमी उंच आणि १५२.४ सेंमी रुंद असा आयत बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, भिंतीवर लावावा. मूळ चित्र केवढे आहे हे डोळ्यांना एकदा कळले की संगणकावर ते मोठे करून पाहायला बसावे.

माणसांकडे लगेच वळू नये. आधी उजेडाचा माग काढावा. चित्रातल्या रस्त्यावर एकही दिवा दिसत नाही. सगळा उजेड त्या कोपऱ्यावरच्या खाणावळीतून येतो, काचेतून बाहेर पडून पदपथावर हिरवट होऊन पसरतो आणि समोरच्या बंद दुकानापर्यंत पोहोचतो. त्या दुकानाच्या काचेमागे गल्ल्याचे यंत्र तेवढे ओळखू येते. अमेरिकेत फ्लुओरेसंट दिवे त्या काळी नवे होते, हे लक्षात ठेवले की आतल्या भिंतीचा भगभगीत पिवळा रंग उगाच आलेला नाही, हे पटते.

मग रस्त्यावरून आत जाण्याचे दार शोधावे. ते सापडत नाही. मागे एक दार दिसते खरे, पण ते आतल्या बाजूचे आहे. आपण मात्र अंधारात, काचेबाहेरच उभे असतो.

आता माणसे पाहावीत. लाल पोशाखातली स्त्री आणि तिच्या शेजारचा पुरुष यांचे हात अगदी जवळ आले आहेत, पण ते एकमेकांना लागले आहेत का, हे चित्र मोठे करूनही नक्की ठरवता येत नाही. या स्त्रीसाठी हॉपर यांच्या पत्नी जो यांनी स्वतः मॉडेल म्हणून काम केले होते. पाठमोऱ्या माणसाविषयी कथा रचण्याचा मोह होतो, तो शक्यतो आवरावा. ‘एकाकीपणा’ हा शब्दही शेवटीच वापरावा, कारण तो एकदा मनात आला की पाहणे थांबते, असा माझा अनुभव आहे. खुद्द हॉपर यांनाही हे चित्र तितकेसे एकाकी वाटत नव्हते. मोठ्या शहराचे एकाकीपण आपण नकळत रंगवले असावे, एवढेच त्यांनी मान्य केले होते.

रात्री दुकाने बंद झाल्यावर पणजीतल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावरून एक फेरी मारावी, एखाद्या उजळलेल्या काचेचा प्रकाश पदपथावर कुठवर जातो आणि कुठे विरतो ते पाहावे, आणि घरी येऊन चित्रातला तो हिरवट पट्टा पुन्हा उघडावा.