मे महिन्यात उभ्या गाडीत ड्रोन, कॅमेरा, रेडिओ ठेवायची वेळ आली तर

मराठवाड्यात लग्नसराई आणि ऊन एकाच महिन्यात रंगात येतात. परभणीहून जालन्याला लग्नाला जायचं, परतताना एखाद्या माळावर रिमोटवरचं छोटं विमान उडवायचं म्हणून सगळं सामान गाडीत टाकायचं, आणि मग बारा ते चार गाडी मंगल कार्यालयाच्या मोकळ्या मैदानात उभी. बाहेर 43 अंश असेल तर आत तासाभरात पारा 60 च्या पुढे जातो, डॅशबोर्ड त्याहून वर. यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, त्यामुळे ‘अक्षता टाकून लगेच येतो’ ही स्वतःची समजूत आहे. काच बोटभर खाली ठेवायचा सल्ला मला प्रत्येक लग्नात मिळतो. त्याने तापमानात नावापुरता फरक पडतो आणि सामानावर धूळ बसते.

आधी बॅटऱ्या बाहेर काढा. लायपो, म्हणजे ड्रोन-विमानातली लिथियम पॉलिमर बॅटरी, उभ्या गाडीत ठेवायचीच नाही, डब्यात नाही, सीटखाली नाही, ‘पाचच मिनिटं’ नाही. वापरताना तिची मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते आणि चार्जिंगची 45. गाडी पहिली मर्यादा फुकटात ओलांडते. त्यात सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरलेले असतील तर फुगायला वेळ लागत नाही, आणि फुगलेली लायपो टाचणी टोचून ‘बसवणारे’ लोक मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी उभं राहू नका. त्या दिवशी उडवायचं नसेल तर सेल 3.8 व्होल्टवर आणून बॅटऱ्या घरीच ठेवा. उडवायचं असेल तर खांद्याच्या पिशवीत घालून मांडवात न्या. लोक हसतील. पॉवर बँकेलाही हाच नियम.

गाडी लावताना आत्ताची सावली बघू नका, तीन वाजता ती कुठे असेल ते बघा. मेच्या मध्याला परभणीत शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि भिंतीला सावली अशी नसतेच. म्हणून भिंतीच्या पूर्वेला लावा, एकनंतर सावली तुमच्याकडे सरकत येते. कडुलिंबाचं झाड मिळालं तर प्रश्नच मिटला, पण ते वऱ्हाडाच्या ट्रॅव्हल्सने सकाळीच अडवलेलं असतं.

सामान डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली नको, पुढच्या सीटखाली जमिनीला टेकून ठेवा. थ्रीडी प्रिंट केलेले पीएलए प्लास्टिकचे भाग मात्र तिथेही वाचतील याची खात्री नाही, ते 60 अंशांच्या जवळ मऊ पडतात. माझ्या अँटेनाचा स्टँड एकदा असा वाकला होता की नमस्कार करतोय असं वाटावं. हॉट ग्लूने चिकटवलेलंही सुटतं. सोल्डर, म्हणजे सर्किटचे जोड धरणारा धातू, वितळेल ही भीती सोडा, त्याला 180 च्या वर लागतात.

आता डबा. इथे मी दोन उन्हाळे घालवले, म्हणून जरा सविस्तर.

जाड थर्माकोलचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्या. मेडिकलवाल्यांकडे इंजेक्शनं ज्यातून येतात तो उत्तम, बहुतेकदा फुकट मिळतो. पण नुसता डबा थंड करत नाही, फक्त उशीर लावतो. आत थंडावा धरून ठेवणारं काहीतरी जड लागतं, आणि इथेच सगळे बर्फ सुचवतात. आमचे दाजी म्हणाले, “टाक की दोन पिशव्या बर्फ, फ्रीजसारखं राहतंय.” टाकला. मृग तोंडावर आलेला, हवेत दमटपणा वाढलेला. चार तासांनी झाकण उघडलं तेव्हा पिशव्यांवरून पाणी ओघळून तळाशी साचलं होतं आणि गार पडलेला कॅमेरा बाहेर काढताक्षणी लेन्सच्या आतून धुकं धरलं. रिसीव्हर मी न पुसताच चालू केला. तो तिथेच गेला. उन्हाने नाही, माझ्या गारव्याने गेला.

थंडी जास्त झाली की घाम सुटतो, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बर्फाऐवजी माठातलं पाणी वापरून बघितलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. माठ पाझरतो, पाणी बाष्प होऊन उडतं, त्यामुळे आतलं पाणी गार होतं. पण हवेतल्या ओलाव्यानुसार त्याला एक तळ असतो आणि दव धरण्याइतकं गार ते त्या हवेत होऊच शकत नाही. म्हणजे माठ कितीही चांगला असो, त्याच्या पाण्याने भरलेल्या बाटलीवर थेंब जमत नाहीत. कोरड्या मेमध्ये ते पाणी पंचविशीच्या आसपास मिळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. कॅमेऱ्याला कुलू-मनालीला न्यायचं नाहीये.

लिटरच्या चार बाटल्या लागतात, दोन कमी पडतात. निघायच्या आधी भरा, काठोकाठ, झाकणं घट्ट पिळा, उलट्या धरून बघा, बाहेरून कोरड्या पुसा. डब्याच्या चारी कोपऱ्यांत उभ्या करा, मध्ये सामान जाड सुती कापडात गुंडाळून. एक तापमापी सेन्सर आत सोडा, अंदाजावर जाऊ नका. माझ्या डब्यात तासाला साधारण चार-पाच अंश चढतात, म्हणजे तीन-चार तासांची जेवणावळ निभते. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर सामान आत न्या. मानपानात वेळ किती जातो हे तुम्हाला माहीतच आहे.

डबा भरायचा तो घरी, सावलीत, सामान गार असताना. गाडीत आधीच तापलेला ट्रान्समीटर आत ठेवून झाकण लावलं तर थर्माकोल ती धग तितक्याच इमानाने सांभाळतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये सर्किट बोर्ड गुंडाळायचा सल्ला देणाऱ्याला बोर्डावरच्या उघड्या पिना दाखवा. फॉइल लावायचीच असेल तर डब्याच्या बाहेरून.

ओलं गोणपाट डब्यावर टाकावं का? गाडीची काच बंद असेल तर नको, ओलावा आतच कोंडतो.

परत आल्यावर दारं उघडा, पाच मिनिटं धग जाऊ द्या. डब्याबाहेर राहिलेली वस्तू हाताला गरम लागत असेल तर चालू करू नका. एलसीडीचा पडदा काळा पडलेला दिसला तर घाबरू नका, बहुतेकदा गार झाल्यावर तो परत येतो. आणि बाटल्यांतलं पाणी फेकू नका, रेडिएटरला किंवा वाटेतल्या एखाद्या रोपट्याला कामी येतं.