गरम झाल्यावर पुन्हा स्टार्ट न होणारी रोटरी गाडी: दोष कुठे आणि कसा शोधायचा

सकाळी पहिल्या चावीला गाडी सुरू होते. वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालते. दहा मिनिटं बंद करून पुन्हा चावी फिरवली की सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन काही घेत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी पुन्हा निमूट सुरू होते. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी इंजिन असलेल्या माझदा आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ मध्ये हे होऊ लागलं की पहिला संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते त्यावर जातो, आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. पण कॉम्प्रेशन मोजण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. त्या बिघडलेल्या असतील तर चांगलं इंजिनही मोजताना मेलेलं दिसतं.

गरम असतानाच असं का होतं, हे आधी समजून घ्या. रोटरच्या तीन टोकांवरचे अपेक्स सील, बाजूंचे साइड सील आणि कोपऱ्यांतले कॉर्नर सील मिळून रोटर आणि भिंत यांमधला प्रत्येक चेंबर बंद ठेवतात. इंजिन धावताना गॅसचा दाबच सीलना भिंतीवर दाबून धरतो. सेल्फवर फिरताना तो दाब नसतो. सगळी भिस्त बारीक स्प्रिंगवर आणि तेलाच्या थरावर. थंडीत तेल घट्ट असतं, झिजलेल्या सीलच्या फटी तेच भरून काढतं. गरम तेल पातळ होतं आणि फटी उघड्या पडतात. त्याच वेळी तापलेला सेल्फही मंदावतो. इंजिनचा मुख्य (एक्सेंट्रिक) शाफ्ट हळू फिरला की हवेला गळून जायला जास्त वेळ मिळतो, म्हणून कॉम्प्रेशन आणखी पडतं.

त्यामुळे सुरुवात सेल्फच्या वेगापासून करा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावा, गाडी पूर्ण गरम करून बंद करा, दहा मिनिटांनी सेल्फ मारताना आरपीएम वाचा. साधारण २५० हवेत. २०० च्या खाली येत असतील तर आधी बॅटरी बघा: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचं टोक खराब आहे. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट यांच्यामध्ये ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. हे सगळं ठीक असूनही वेग पडत असेल, तर सेल्फच थकलेला आहे.

सेल्फ फिरतोय आणि स्कॅनरवर आरपीएम शून्यच, असं दिसलं तर पुढचं काही मोजू नका. पुढच्या पुलीजवळचा एक्सेंट्रिक शाफ्ट सेन्सर किंवा त्याची वायरिंग तापल्यावर सिग्नल देणं बंद करते आहे.

वेग बरोबर असेल तर प्लग काढून बघा. हातमोजे घाला आणि घाई करू नका. रोटर हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) ॲल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना आटे लगेच खराब होतात. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. दोन्ही वेगळ्या जातीचे असतात, अदलाबदल करू नका. टोक पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल जास्त येतंय. आरएक्स-८ च्या चार कॉइल तापल्यावर दगा देतात, म्हणून ठिणगी गरम असतानाच तपासा. कमजोर कॉइलकडे दुर्लक्ष महागात पडतं: न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन जळतं, कॅट वितळून तुंबतो, आणि अडलेली उष्णता सीलवर येते. प्लग ओला आणि गोडसर वास, शिवाय कूलंट हळूहळू कमी होतंय, तर पाण्याचं सील गेलंय; तो दोष वेगळा, पण इंजिन उघडावंच लागतं.

पेट्रोल जास्त होतंय का, हे कळायला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आरएक्स-८ मध्ये अशा वेळी इंजेक्टर बंद राहतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. पेडल दाबल्यावर दर वेळी सुरू होत असेल, तर गळका इंजेक्टर किंवा चुकीचं तापमान सांगणारा कूलंट सेन्सर शोधा. स्कॅनरवर कूलंटचं तापमान काट्याशी जुळतंय का, ते लगेच दिसतं.

आता कॉम्प्रेशन. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा. दोन्ही लीडिंग प्लग काढा, ट्रेलिंग जागेवरच ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. साधा पिस्टन इंजिनचा गेज इथे फसवतो: त्यातला व्हॉल्व्ह रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. रोटरी टेस्टरच हवा, जो तिन्ही बाजू आणि आरपीएम वेगवेगळे दाखवतो.

टेस्टर नसेल तर गेजचा व्हॉल्व्ह काढून काटा कसा उडतो ते मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा, आणि कानही द्या. चांगला रोटर फस्-फस्-फस् असा एकसारखा बोलतो. फस्-फस्- आणि मग नुसताच श्वास, असं ऐकू आलं तर एक बाजू गेली. आकड्यांवर मात्र इथे विश्वास ठेवू नका, फक्त समानता बघा.

आरएक्स-८ च्या इंजिनसाठी २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हे मूळ माप, ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त फरक चालत नाही. वेग कमी-जास्त असेल तर मॅन्युअलमधल्या आलेखाने आकडा २५० वर आणूनच तुलना करा.

आकडे बोलतात कसे, ते बघा. प्रत्येक अपेक्स सील दोन शेजारच्या बाजूंमध्ये असतं, म्हणून दोन बाजू खाली आणि एक चांगली, तर एक अपेक्स सील तुटलंय किंवा अडकलंय. एकच बाजू खाली, तर त्या बाजूचं साइड सील. ते कार्बनने चिकटलेलंही असू शकतं. तिन्ही बाजू सारख्याच खाली, तर सर्वसाधारण झीज. खात्रीसाठी लीडिंग प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडे एकदम चढले तर गळती सीलमधूनच आहे.

६८० च्या खालच्या इंजिनला वेगवान सेल्फ बसवला की गाडी बऱ्याचदा गरम असतानाही सुरू होऊ लागते. माझदानेही आरएक्स-८ साठी नंतर असा सेल्फ आणला. झीज मात्र तशीच चालू राहते, तेव्हा तो बसवण्याआधी कॉम्प्रेशनचे सहाही आकडे लिहून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजा. घसरण चालू दिसली तर सील तुटून रोटर हाउसिंगला ओरखडे पडण्याआधीच इंजिन खोलायला घ्या. हाउसिंग शाबूत राहिलं तर ते पुन्हा वापरता येतं.