कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी बदलताय? या चुका टाळा

किल्ली फिरवताच थंड गाडीचा रेडिएटर फॅन घोंघावायला लागतो, सकाळी तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो, ॲव्हरेज घसरलेलं असतं आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. अशी लक्षणं दिसली की कुणीतरी सांगतंच, “टेम्परेचर सेन्सर गेलाय, बदलून टाक.” सेन्सर महाग नसतो आणि बऱ्याच गाड्यांत तो एका पान्याने निघतो. त्यामुळे रविवारी सकाळी घरीच उरकायचं काम म्हणून ते हातात घेतलं जातं. घरी हे काम नक्की जमतं. पण घाई केली तर पैसे वाया जातात, आणि एक-दोन चुका अशा आहेत की हात भाजतो किंवा इंजिनच जातं.

माझ्या धाकट्या भावाच्या पेट्रोल गाडीचं असंच झालं. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०११८ हा कोड आला. त्याने सेन्सर आणला, आम्ही दोघांनी पार्किंगमध्ये बसून तो बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला, “दादा, सेन्सर तर नवा आहे, मग परत तेच कसं?” संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात कपलर, म्हणजे सेन्सरला वायरी जोडणारा प्लग, काढून आत पाहिलं. दोन टर्मिनलांपैकी एकावर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि त्याचं तोंड फाकलं होतं. वायर बोटाने जराशी दाबली की स्कॅनरवर उणे ४० चे एकदम २६ अंश व्हायचे, सोडली की पुन्हा उणे ४०. जुना सेन्सर पूर्ण चांगला होता. आम्ही चुकीची वस्तू बदलली होती.

कोड आला म्हणून सेन्सर दोषी ठरवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

हा सेन्सर म्हणजे पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेला थर्मिस्टर. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि तो गरम होत जाईल तसा कमी होतो. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ओळखतो. वायर तुटली की रेझिस्टन्स अफाट वाढल्यासारखं दिसतं. बहुतेक ईसीएम त्याचा अर्थ उणे ४० अंश असा लावतात आणि पी०११८ नोंदवतात. वायरी एकमेकींना चिकटल्या की उलट, इंजिन प्रचंड तापलंय असं दिसतं आणि पी०११७ येतो. म्हणजे हे कोड ‘सर्किटमध्ये गडबड आहे’ एवढंच सांगतात. त्या सर्किटमध्ये सेन्सरबरोबर कपलर येतो, वायरी येतात आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येऊन वायरी कुरतडणारे उंदीरही येतात.

सेन्सरला दोषी ठरवण्याआधी तीन तपासण्या करा.

पहिली तपासणी फुकट आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी पाहा. दोन्हींत चार-पाच अंशांचा फरक चालतो. हवा २४ अंश आणि कूलंट ७० अंश दिसत असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय. भारतात २०१३ नंतर विकल्या गेलेल्या कार्सना स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतंच, आणि मोबाइलला जोडणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर या कामाला पुरतो.

दुसरी तपासणी वायरिंगची. कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० च्या जवळपास आकडा यायला हवा. मग कपलरच्या दोन टर्मिनलांत बारीक वायरीचा तुकडा लावून ती क्षणभर जोडा, आकडा १२० च्या वर उडी मारायला हवा. दोन्ही वेळा तसंच झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत, संशय सेन्सरवर. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, आधी वायर शोधा. हा प्रयोग फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर करायचा. तीन-चार वायरी असतील तर सर्किटची आकृती पाहिल्याशिवाय काहीही जोडू नका.

तिसरी तपासणी मल्टिमीटरने, सेन्सर काढल्यावर. अनेक गाड्यांतले सेन्सर २० अंशांना साधारण २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० ते ३५० ओहम दाखवतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. टोक गरम पाण्यात धरून पाणी निवत जाताना रेझिस्टन्स एकसारखा चढत जातो का ते पाहा. मध्येच आकडा उडाला, अडकला किंवा गायब झाला तर सेन्सर गेला. यासाठी घेतलेलं भांडं परत स्वयंपाकात वापरू नका.

थर्मोस्टॅटचा दोष सेन्सरच्या माथी

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे अजूनही काही गॅरेजमध्ये तो काढून टाकतात. “एवढ्या उन्हात कशाला पाहिजे तो, गाडी गार राहते,” असं सांगतात. हे नुकसानकारक आहे. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास उघडायला लागतात, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो काढला किंवा उघडाच अडकला तर इंजिन थंड राहतं. सेन्सर प्रामाणिकपणे ‘६० अंश’ सांगतो, ईसीएम थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. मग बदलला जातो तो बिचारा सेन्सर!

ओळखायचं कसं? शहरात, सिग्नलला तापमान ८५-९० पर्यंत येतं आणि हायवेला लागून वारा मिळाला की ६०-६५ वर घसरतं, असं असेल तर थर्मोस्टॅट पाहा. पी०१२८ हा कोडही बहुतेक वेळा तिकडेच बोट दाखवतो. सेन्सर खराब असेल तर आकडा वेगाबरोबर असा समजूतदारपणे वर-खाली होत नाही.

फॅन डायरेक्ट करून घेणं, म्हणजे सेन्सरला वगळून थेट जोडणं, हाही त्याच जातीचा उपाय. फॅन सतत चालू राहतो, तापमानाचा काटा वर जात नाही, मालक निर्धास्त होतो आणि मूळ दोष तसाच आत राहतो.

गरम इंजिनावर झाकण उघडणं

इथे मला तुम्हाला हात जोडून सांगायचंय. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंट टाकीचं झाकण उघडू नका आणि सेन्सरही सैल करू नका.

चालू गाडीतलं कूलंट दाबाखाली असतं. साधारण १ बारचा जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच तो दाब जातो आणि १०० च्या वर तापलेलं सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. फडकं धरून झाकण उघडलं तरी ते मनगटाच्या वर, गळ्यावर, चेहऱ्यावर उडतं. आमच्या इमारतीतल्या एका काकांचा उजवा हात कोपरापर्यंत असाच भाजला होता. ते खंबाटकी घाट चढून आले होते आणि “दहा मिनिटं थांबलोय की,” असं म्हणत होते. दहा मिनिटं पुरत नाहीत. वरचा रबरी पाइप हातात घट्ट धरता आला पाहिजे आणि दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. सगळ्यात चांगलं म्हणजे हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करणं.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनलही काढून ठेवा. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो आणि तेव्हा बोटं तिथेच असतात.

दुकानात ‘टेम्परेचर सेन्सर द्या’ एवढंच सांगणं

बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन वेगळे नग असतात: एक ईसीएमसाठी आणि दुसरा मीटरमधल्या काट्यासाठी. काहींत फॅनचा स्विच तिसराच असतो. काटा हलत नाही म्हणून ईसीएमचा सेन्सर बदललात तर काटा तसाच राहणार. गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, आणि शक्य असेल तर जुन्या नगावरचा पार्ट नंबर घेऊन दुकानात जा. आटे जुळले म्हणजे नग बरोबर असं समजू नका. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन सेन्सरांचा रेझिस्टन्स वेगळा असू शकतो, मग गाडी चालते पण ईसीएमला कायम दहा-पंधरा अंशांचा फरक दिसत राहतो.

काढताना आणि बसवताना

कपलरची पकड उन्हा-तापाने ठिसूळ झालेली असते. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की ती मोडते आणि मग कपलर केबल टायने बांधून फिरावं लागतं. जीभ पूर्ण दाबा, कपलर आधी किंचित आत ढकला, मग बाहेर ओढा. ओढताना कपलरला धरायचं, वायरीला नाही. आत हिरवा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा.

नवा सेन्सर, त्याचं वायसर किंवा ओ-रिंग हाताशी तयार ठेवा आणि मगच जुना सोडवा. इंजिन थंड असताना झाकण एकदा उघडून दाब काढा आणि पुन्हा घट्ट लावा. झाकण बंद असलं की भोकातून कूलंट कमी येतं. अनेक सेन्सरांना १९ चा पाना लागतो. साध्या पान्याने कोपरे घासले जातात, लांब गोटी किंवा रिंग पाना घ्या.

आता आटे. सेन्सर बसतो ते हाउसिंग ॲल्युमिनियमचं, कधी प्लॅस्टिकचं असतं. नवा सेन्सर सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. अडला तर बाहेर काढून पुन्हा सरळ लावा, पान्याने ओढू नका. शेवटचं आवळणंही बेताचंच. बहुतेक ठिकाणी २० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी जोर सांगितलेला असतो, म्हणजे छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर. ‘गळायला नको’ म्हणून शेवटी मारलेला झटकाच आटे खातो किंवा हाउसिंगला तडा देतो, आणि मग काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

नळाला लावतात ती पांढरी टेफलॉन टेप इथे गुंडाळू नका. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं, टेपने ते तुटू शकतं. टेपचे तुकडे कूलंटमध्येही जातात. वायसर असेल तर नवं वायसर घ्या. ओ-रिंग असेल तर तिला ग्रीस किंवा इंजिन ऑइल न लावता थोडं कूलंटच लावा, कारण या कामातली बरीचशी रबरं तेलाने फुगतात.

पाणी भरलं की काम संपलं असं समजणं

इथली चूक सगळ्यात महाग पडते. सेन्सर काढताना पेलाभर कूलंट सांडतं आणि तेवढीच हवा आत जाते. हवेचा हा फुगा सेन्सरच्या टोकाशी अडकला तर टोकाला कूलंट लागतच नाही. हवा आणि वाफ तापमान नीट पोचवत नाहीत, त्यामुळे इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दिसू शकतो. घाटात वर चढत गेलेला काटा अचानक खाली पडला तर ती गाडी सावरल्याची खूण समजू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला असण्याची शक्यता जास्त. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, नाहीतर इंजिनच्या हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅसकेट, जाते.

हा अडकलेल्या हवेचा एअर लॉक काढण्यासाठी गाडीचं नाक थोडं उंचावर येईल अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा आणि थंड इंजिनात कूलंट सावकाश ओता. बुडबुडे थांबले की स्क्रू आणि झाकण लावून, बॅटरी जोडून, इंजिन सुरू करा. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. इंजिन गरम आहे, तरी हीटरमधून गार वारा येतोय? हवा अजून आत आहे. पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा भरा.

भरायचं काय, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट. रंगावर जाऊ नका, एकाच रंगाची वेगवेगळ्या जातीची कूलंट मिळतात. कॉन्सन्ट्रेट आणलं असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी मिसळा, साधारणपणे अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी घालू नका. बोअरचंच पाणी घातलेल्या एका गाडीतून काढलेल्या सेन्सरचं टोक मी पाहिलंय. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खरखरीत थर त्यावर चढला होता, नखानेही निघत नव्हता. असं टोक तापमान उशिरा सांगतं आणि तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसलेला असतो.

जुना कोड स्कॅनरने पुसा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पातळी पाहा आणि सेन्सरच्या बुडाशी कोरडा टिश्यू फिरवून ओल येते का बघा.

खाली सांडलेलं कूलंट मात्र त्याच दिवशी, तिथेच पुसून घ्या आणि भरपूर पाण्याने जागा धुवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. पार्किंगमधलं मांजर किंवा कुत्रं ते चाटतं आणि त्याची किडनी निकामी होते. ट्रेमध्ये जमलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्ये देऊन टाका.