ईसीएचएस कार्ड आहे, पण वेळेवर आणि आपल्याला पाहिजे तो डॉक्टर कसा मिळवायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माजी सैनिकांसाठी

आपल्या भागात कुठल्याही गावात जावा, गल्लीत एकतरी मिल्ट्री पेन्शनर सापडतोच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे म्हटल्यावर त्यात नवल नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या उपचाराची योजना, सुद्धा एप्रिल २००३ पासून चालू आहे, पॉलिक्लिनिक म्हणजे तिचा दवाखाना, तरी अजून लई जणांच्या तोंडून एकच ऐकायला मिळतं, "पॉलिक्लिनिकवाले पाठवतील तिकडं जायचं, आपल्या हातात काय हाय." तसं नाहीय. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या हॉस्पिटलांपैकी कुठं जायचं हे पेशंटनं ठरवायचं असतं, फक्त ते वेळेवर आणि तोंड उघडून सांगावं लागतं.

पहिलं काम घरात बसून करायचं, कोण आजारी नसताना. कार्ड काढून बघा, स्वतःचं, बायकोचं, आईवडील अवलंबून असतील तर त्यांचं, सगळ्यांचं आहे का, चालू आहे का. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमवायला लागला किंवा लग्न झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याचं नाव बंद होतं, पण तो दिव्यांग असेल तर पुढंही चालू राहतं, हे बऱ्याच घरात माहीतच नसतं. आणि नावाचं स्पेलिंग! आपल्याकडं हे लई होतंय, रेकॉर्डला शांता, आधारला शांताबाई, बँकेच्या पासबुकात शांताव्वा, आणि तिन्ही एकच बाई. ॲडमिट करायच्या दिवशी काउंटरवर हे निघालं की मग पळापळ. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमधून होते, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावातच आहे म्हणून त्यांना सोपं, बॉम्बे सॅपर्सवाल्यांना खडकीला लिहावं लागतं. अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचं हे बेळगावच्या सैनिक कल्याण ऑफिसात विचारलं तर सांगतात. वीरपत्नी किंवा म्हाताऱ्या विधवा मावशी असतील तर कुणीतरी त्यांच्यासोबत जावा, एकटीला पाठवू नका.

दुसरी गोष्ट, सीमेची. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतंय, बेळगाव लांब, तरी कार्ड बेळगावचं म्हणून दोन-दोन बस बदलून येणारे लोक आहेत. अहो, योजना डिफेन्सची आहे, राज्याची नव्हे. स्मार्ट कार्ड असलं की देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकला दाखवता येतं, कोल्हापूरलाही पॉलिक्लिनिक आहे. लेकाकडं पुण्याला राहायला गेला तरी तिथं चालतंय, फक्त जुन्या गोळ्यांची चिठ्ठी आणि रिपोर्ट सोबत ठेवा.

आता मुख्य, रेफरल, म्हणजे पॅनेलच्या हॉस्पिटलला पाठवायची चिठ्ठी. पॉलिक्लिनिकात मेडिकल ऑफिसर तपासतात, स्पेशालिस्टची गरज वाटली तर रेफरल लिहितात, ते कॉम्प्युटरवर निघतं. खिडकीपाशी कागद निघायच्या आधी बोलायचं, निघाल्यावर नव्हे, कारण नंतर बदलायचं म्हटलं की परत रांग. म्हणून घरातूनच ठरवून जावा. पॉलिक्लिनिकमध्ये पॅनेलची यादी लावलेली असते, मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा, ईसीएचएसच्या वेबसाइटवरही असते. यादी बदलत राहते म्हणून जुन्या फोटोवर विसंबू नका. यात एक मोठी मेख आहे, हॉस्पिटल पॅनेलवर आहे म्हणजे त्याचे सगळे विभाग पॅनेलवर असतातच असं नाही, एखाद्या ठिकाणी डोळ्याचं चालतं आणि हृदयाचं चालत नाही. तर हॉस्पिटलला फोन करून दोनच प्रश्न विचारा, आमचा हा आजार ईसीएचएसमध्ये तुमच्याकडं चालतो का, आणि अमुक डॉक्टर कुठल्या वारी असतात. एवढं विचारून गेलात तर ओपीडीला जाऊन "डॉक्टर आज नाहीत" ऐकायची वेळ येत नाही. मग खिडकीवर सरळ सांगा, साहेब, मला या हॉस्पिटलला रेफरल पाहिजे. हात जोडून विनवायचं काही कारण नाही. रेफरलवर मुदत असते, ती वाचा आणि त्याच्या आत जावा. वय झालेल्यांना स्पेशालिस्टकडं थेट जायची सवलत आहे, वयाची अट मध्ये बदललीय म्हणून ताजी अट पॉलिक्लिनिकलाच विचारून घ्या.

पॅनेलच्या हॉस्पिटलात डिपॉझिट मागितलं तर देऊ नका, उपचार कॅशलेस आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून असे पैसे घेतले होते, पॉलिक्लिनिकच्या ओआयसी (ऑफिसर-इन-चार्ज, म्हणजे प्रमुख) साहेबांना फोन लावल्यावर परत मिळाले, पण त्या माऊलीनं तोवर गळ्यातलं गहाण टाकायची तयारी केली होती. वॉर्डचंही माहीत असू द्या, हवालदारापर्यंत जनरल, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी-प्रायव्हेट, ऑफिसरना प्रायव्हेट. वरचा वॉर्ड घेतला तर फरक आपल्या खिशातून.

इमर्जन्सीला मात्र रेफरलची वाट बघायची नाही. छातीत कळ, पॅरालिसिस, ॲक्सिडेंट, साप चावणं, जे जवळ असेल तिथं न्या, पॅनेल बिनेल नंतर. कणकुंबी-जांबोटीकडून पावसात बेळगाव गाठायचं म्हणजे वेळ जातोच, तर खानापूरला जे उघडं आहे तिथं आधी. पॅनेलवर नसलेलं हॉस्पिटल असेल तर ॲडमिट केल्यापासून ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, हे चुकवू नका, सगळा क्लेम यावर अडतो. बिल आधी आपण भरायचं, पैसे सरकारी रेटनं परत मिळतात, म्हणजे पूर्ण मिळतीलच असं नाही, म्हणून पेशंट हलवण्यासारखा झाला की पॅनेलच्या ठिकाणी हलवा. डॉक्टरकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, ओरिजिनल पावत्या मागून घ्या, झेरॉक्स काढून एक सेट घरात ठेवा.

साधा ताप-खोकला, बीपी-शुगरची चौकशी असेल तर प्रत्येकवेळी बस पकडायची गरज नाही. २०२१ पासून सेहत ओपीडी म्हणून मोबाईलवर व्हिडिओनं डॉक्टर दाखवायची फुकट सोय आहे, नातवाला सांगा, तो जोडून देईल. औषध पॉलिक्लिनिकात नसेल तर रिकाम्या हातानं परत येऊ नका, चिठ्ठीवर "उपलब्ध नाही" असा शिक्का घ्या, त्याशिवाय बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचे पैसे मागता येत नाहीत.

अजून एक, गावात सत्तर वर्षांवरच्यांची आयुष्मान कार्डं काढायला लोक येतात. ईसीएचएसवाल्यांना दोन्ही मिळत नाही, एकच निवडायचं असतं. नीट समजून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका.

जे पेन्शन न मिळता घरी आलेत त्यांना ईसीएचएस सहसा लागू होत नाही, पण मोठ्या आजाराला केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत असते, अर्ज सैनिक कल्याण ऑफिसमार्फतच करायचा.

आणि अडलंच तर तोंडी भांडण नको. आधी ओआयसींना लेखी द्या आणि पोच घ्या, नाही ऐकलं तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, त्यात तारीख, रेफरल नंबर आणि काय मागितलं होतं काय झालं एवढंच लिहा. मराठीत मनातलं सगळं कुणाला तरी सांगा आणि त्याच्याकडून इंग्लिशमध्ये लिहून घ्या, प्रत्येक गावात कॉलेजला जाणारं एकतरी पोरगं असतंच.